नूतनीकरणानंतर मंदावलेली धार

घराचे नूतनीकरण पूर्ण झाल्यावर न्हाणीघरात नवी फरशी, चकचकीत तोट्या आणि ताटाएवढा शॉवर बसतो, परंतु पाण्याची धार मात्र पूर्वीपेक्षा बारीक येते, अशी तक्रार जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे करतात आणि तिचे खापर बहुधा सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर फोडतात. जालन्यासारख्या शहरात, जेथे नळाला रोज पाणी येत नाही आणि आलेले पाणी आधी हौदात, तेथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत आणि मग घरातल्या तोट्यांत जाते, तेथे शॉवरच्या धारेचा रस्त्याखालच्या जलवाहिनीतील दाबाशी थेट संबंध उरलेलाच नसतो. टाकी भरलेली असूनही धार मंद असेल, तर दोष घराच्या उंबरठ्याच्या आत आहे, आणि बहुतेक वेळा तो नूतनीकरणाच्या कामातच निर्माण झालेला आहे, असे गृहीत धरून शोध सुरू करणे शहाणपणाचे ठरते. दाब वाढवणारा पंप विकत आणण्याचा विचार हा शोध संपल्यावर करावा, आधी नव्हे.

पाण्याचा दाब म्हणजे व्यवहारात पाण्याच्या पृष्ठभागाची तोटीपासूनची उभी उंची होय. या उंचीला अभियंते ‘शीर्ष’ म्हणतात, तर प्लंबर मंडळी ‘हेड’. साधारण १० मीटर, म्हणजे ३३ फूट, उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब देतो. हाच दाब शॉवर-तोट्यांच्या खोक्यांवर सुमारे १ बार म्हणून छापलेला असतो. जालना शहराच्या पाण्याचा इतिहास या एका नियमावर समजावून घेता येतो. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयाचे पाणी उताराच्या बळावर शहराकडे येते, कारण जलाशय उंचावर आहे. याउलट पैठणच्या जायकवाडी धरणाची पूर्ण साठ्याची पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर, असून जालना शहर त्याहून उंचावर वसलेले असल्यामुळे गोदावरीचे पाणी पंपाने चढवूनच आणावे लागते. घराच्या गच्चीवरची टाकी ही त्या घरापुरती घाणेवाडीच असते. तिच्यातील पाणी जितके उंच, तितका दाब. टाकी ५०० लिटरची आहे की २,००० लिटरची, याने दाबात काहीही फरक पडत नाही. मोठी टाकी बसवली की ‘प्रेशर वाढेल’ हा समज इतका रुजलेला आहे की, अनेक घरांत टाकीवर पैसा खर्च होतो आणि शॉवर मात्र तसाच ठिबकत राहतो.

एकमजली घराचे साधे गणित मांडले म्हणजे परिस्थितीची कल्पना येते. स्लॅब फरशीपासून १० फुटांवर, त्यावर टाकीचा २ फुटी चौथरा, आणि शॉवरची भिंतीवरची उंची ७ फूट धरली, तर टाकी तळाला गेलेली असताना शॉवरला अवघे ५ फुटांचे शीर्ष मिळते आणि टाकी ३ फूट भरलेली असताना ते ८ फुटांवर जाते. दर चौरस सेंटिमीटरला किलोच्या हिशेबात हा दाब ०.१५ ते ०.२४ इतकाच होतो. नूतनीकरणात भिंतीवरचा लहान शॉवर काढून पीओपीच्या छतातून खाली लोंबणारा मोठा ‘रेन शॉवर’ ८ फुटांवर बसवला की टाकी रिकामी होत असताना मिळणारे शीर्ष ४ फुटांवर येते, आणि अशा अनेक शॉवरांच्या खोक्यावर तर किमान अर्धा ते एक बार दाब हवा असे लिहिलेले असते. म्हणजे मागणी १७ ते ३३ फुटांची आणि उपलब्धता चार ते सात फुटांची. या ठिकाणी कोणताही बिघाड नाही. फक्त वस्तू निवडताना घराची उंची विचारात घेतली गेली नाही. हीच गत जुनी तोटी काढून बसवलेल्या एका दांड्याच्या मिक्सरची आणि भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरची असते. शॉवर, हातशॉवर आणि खालची तोटी यांच्यात पाणी वळवणाऱ्या या झडपेचे आतले मार्ग अरुंद असल्यामुळे कमी शीर्षावर ती बराच दाब खाऊन टाकते. कमी दाबावर चालणारी उपकरणे बाजारात मिळतात, मात्र दुकानदाराला ती स्पष्टपणे मागावी लागतात.

यापेक्षा अधिक वेळा आढळणारे आणि कमी ओळखले जाणारे कारण पाईपच्या व्यासात दडलेले असते. लोखंडी सळईसाठी देशभर नाव असलेल्या जालन्यातूनही घरातला लोखंडी नळ आता जवळपास हद्दपार झाला आहे, आणि नूतनीकरणात जस्ताचा मुलामा दिलेले जुने जीआय पाईप काढून त्यांच्या जागी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे क्लोरिनयुक्त प्लास्टिक, बसवले जाते. मिस्त्री ‘अर्ध्याला अर्धा’ असा बदल करतो, आणि घोटाळा तेथेच होतो. अर्धा इंची जीआय पाईपची आतली पोकळी सुमारे १६ मिलिमीटर असते. अर्धा इंची सीपीव्हीसी पाईप बाहेरूनच १५.९ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या भिंतीची जाडी वजा केली की आत जेमतेम साडेबारा मिलिमीटर उरतात. नाव एकच, पण पाणी वाहण्याचा छेद सुमारे ४० टक्क्यांनी घटलेला. घर्षणाने होणारी दाबाची हानी व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे व्यास निम्मा केल्यास तेवढेच पाणी नेताना हानी जवळजवळ तीसपट होते. त्यामुळे १६ वरून साडेबारावर येणे वरवर किरकोळ दिसले तरी, पाईपचा गुळगुळीतपणा सारखा धरल्यास, त्याच शीर्षावर मिळणारे पाणी सुमारे निम्म्यावर येते. प्लास्टिक लोखंडापेक्षा गुळगुळीत असल्याने यातील काही तोटा भरून निघतो, आणि आतून गंजाने बुजत आलेल्या जुन्या पाईपशी तुलना केल्यास नवी नळी सरसही ठरू शकते, ही बाब न्यायाने नोंदवली पाहिजे. तरीही टाकीपासून न्हाणीपर्यंतची मुख्य उतरती लाईन अर्धा इंची सीपीव्हीसीची ठेवणे हे कमी उंचीच्या घरात चुकीचेच आहे. पाऊण इंची सीपीव्हीसीची पोकळी सुमारे १८ मिलिमीटर असते आणि तीच जुन्या अर्धा इंची लोखंडी पाईपची खरी बरोबरी करते. त्यामुळे टाकीतून निघणारी लाईन किमान एक इंची, न्हाणीत शिरेपर्यंत पाऊण इंची, आणि केवळ शेवटच्या हातभर अंतरात तोटीकडे जाणारा फाटा अर्धा इंची, अशी उतरण ठेवावी.

टाकी उंच करावी की पाईप मोठा करावा, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. वरील उदाहरणात चौथरा ३ फुटांनी वाढवला तर शीर्ष ५ फुटांवरून ८ फुटांवर जाते, म्हणजे ६० टक्क्यांनी वाढते, परंतु त्याच पाईपमधून वाहणारे पाणी मात्र साधारण ३० टक्केच वाढते. उलट तीच उंची कायम ठेवून अर्ध्या इंचीऐवजी पाऊण इंची सीपीव्हीसी घातली तर त्या पाईपची वहनक्षमता अडीचपटीहून अधिक होते, अर्थात पुढची तोटी ते पाणी अडवत नसेल तर. पैसा आधी पाईपमध्ये घालावा, असे हे गणित सांगते. टाकी उंच करायचीच असेल, तर हजार लिटर पाण्याचे वजन एक टन असते हे ध्यानात ठेवून चौथऱ्याचे पाय खालच्या भिंतींवर अथवा तुळईवर येतील अशीच जागा निवडावी. स्लॅबच्या मधोमध विटांचे चार खांब रचून त्यावर टाकी ठेवण्याची पद्धत जितकी प्रचलित आहे तितकीच घातक आहे. गच्चीवर सौर वॉटर हीटर असेल तर थंड पाण्याची टाकी त्याच्या वरच राहावी लागते, हेही विसरता कामा नये.

दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी भिंत फोडण्याची गरज नसते. पहिली चाचणी बादलीची आहे. बेसिनखालच्या अँगल कॉकची, म्हणजे भिंतीतून निघून वरच्या तोटीकडे नळी देणाऱ्या छोट्या कोनी चावीची, नळी सोडवावी, चावीच्या तोंडाखाली १० लिटरची बादली धरावी, चावी पूर्ण उघडावी आणि बादली भरण्यास लागणारा वेळ मोजावा. एका मिनिटात बादली भरली तर मिनिटाला १० लिटर पाणी येते, आणि एवढे पाणी साध्या शॉवरला पुरते. येथे धार चांगली आणि वरच्या तोटीतून मात्र बारीक, असे आढळले तर दोष तोटीत किंवा नळीत आहे; येथेच धार बारीक असेल तर तो मागच्या लाईनीत आहे. हीच मोजणी स्वयंपाकघरात, दुसऱ्या न्हाणीत आणि टाकीच्या अगदी जवळच्या तोटीवर करून आकडे कागदावर मांडले, की पाणी कोठपर्यंत नीट येते आणि कोठे अडते हे आपोआप उमगते.

दुसरी चाचणी गवंड्याच्या लेव्हल नळीची आहे आणि ती अधिक मार्मिक आहे. फरशीची पातळी काढण्यासाठी गवंडी जी पारदर्शक लवचीक नळी वापरतो, तिचे एक टोक तोटीला घट्ट बसवून दुसरे टोक शिडीवर चढून, शक्य तर गच्चीपर्यंत, उंच धरावे, घरातील बाकीच्या सर्व तोट्या बंद ठेवाव्यात आणि तोटी हळूच उघडावी. नळीतले पाणी टाकीतील पाण्याच्या पातळीपर्यंत चढले पाहिजे. यातली खुबी अशी की, पाईप अर्धा बुजलेला असला तरी पाणी वाहत नसताना पातळी पूर्णच चढते, फक्त सावकाश. मात्र पाईपमध्ये हवा अडकलेली असेल तर पातळी टाकीच्या खालीच थांबते. पातळी पूर्ण चढली पण शेजारची तोटी उघडताच ती झपकन कोसळली, तर पाईप अरुंद आहे किंवा कोठेतरी कचरा अडकला आहे. वाहत्या आणि थांबलेल्या पाण्याच्या दाबातला हा फरक न तपासता केवळ ‘प्रेशर नाही’ एवढ्यावर पंप सुचवणाऱ्या कारागिराचा सल्ला सावधपणे ऐकावा.

कचऱ्याचे कारण सर्वांत स्वस्त, म्हणून आधी तपासण्याजोगे. पाईप कापताना पडलेला प्लास्टिकचा भुगा, जोडातून आत ओघळून सुकलेले सोल्युशन, आट्यांना गुंडाळलेल्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे तुकडे, फरशीच्या सांध्यांत भरायचे ग्राउट आणि वाळूचे कण, हे सर्व काम संपल्यावर पहिल्याच पाण्याबरोबर वाहत येते आणि तोटीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, शॉवरच्या छिद्रांत, फ्लश टाकीच्या प्रवेशिकेतील गाळणीत किंवा वॉशिंग मशीनच्या नळीच्या टोकात अडकते. तोटीच्या तोंडाची जाळी हाताने किंवा कापड गुंडाळलेल्या पान्याने उलगडून धुवावी. जाळी काढलेली असताना प्रत्येक तोटी दोनतीन मिनिटे पूर्ण उघडी सोडावी, म्हणजे मागे राहिलेली घाण निघून जाते. वास्तविक हे काम नवी तोटी बसवण्यापूर्वीच व्हायला हवे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत याला क्षारांची जोड मिळते, कारण या भागातील काळ्या पाषाणातून येणारे पाणी बहुधा जड असते आणि शॉवरच्या छिद्रांवर पांढरी पुटे चढवते. शॉवरचे डोके काढून रात्रभर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात बुडवून ठेवल्यास ती सुटतात. तीव्र आम्ल वापरू नये, त्याने वरचा मुलामा जातो.

त्यानंतर चाव्या पाहाव्यात. नूतनीकरणात टाकीच्या तोंडाशी, प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक न्हाणीच्या आत अशा तीनतीन चाव्या बसतात, आणि त्यांपैकी एखादी काम संपल्यावर अर्धवट उघडी राहिलेली असते. भिंतीत गाडलेल्या चावीवर शोभेची टोपी बसल्यानंतर ती पूर्ण उघडली आहे की नाही हे कळतही नाही. जुनी चाकाची गेट व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडली असेल तर आतली चकती दांड्यापासून सुटून मार्गात पडलेली असू शकते: चाक फिरते, पाणी येत नाही. अशी चावी दुरुस्त करण्यापेक्षा बदलून पाव फेऱ्यात उघडणारी, पूर्ण पोकळीची बॉल व्हॉल्व्ह बसवणे इष्ट.

हवा अडकण्याचा प्रकार, ज्याला एअर लॉक म्हणतात, जुन्या घरापेक्षा नूतनीकरण झालेल्या घरात अधिक होतो, कारण पाईप आता सरळ उतरत नाही. नवीन खोली काढल्यामुळे टाकी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकते, लाईन कठड्यावरून चढून पुन्हा उतरते, किंवा पीओपीच्या छतावरून तुळईला वळसा घालते. अशा प्रत्येक उंचवट्यावर हवेचा फुगा साठतो आणि टाकी एकदा रिकामी झाली की पुढचे काही दिवस धार तुटक, फुसफुसत येते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकी रिकामी होण्याचे प्रसंग वारंवार येतात, म्हणून येथे या दोषाला विशेष महत्त्व आहे. तात्पुरता उपाय म्हणून मोटारीच्या पाण्याची रबरी नळी खालच्या तोटीला जोडून, इतर तोट्या बंद ठेवून, पाणी उलटे टाकीकडे हलक्या जोराने ढकलावे. कायमचा उपाय म्हणजे टाकीच्या चावीनंतर लगेच टी बसवून त्यातून एक उभा पाईप टाकीच्या झाकणाहून उंच न्यावा, त्याचे तोंड खाली वळवून त्याला जाळी लावावी, आणि लाईन तेथून पुढे सतत उताराने न्यावी. हा हवेचा पाईप लावणे अनेक ठिकाणी टाळले जाते; बचत होते ती दोनतीन फूट पाईपची.

केवळ गरम पाण्याची धार मंद असेल तर शोध गीझरपुरता मर्यादित होतो. वीज बंद करून आत येणाऱ्या पाण्याची चावी, तेथील गाळणी आणि पाणी उलटे जाऊ नये म्हणून बसवलेली एकदिशा झडप तपासावी. या झडपेतली स्प्रिंग ताठ असेल तर चारपाच फुटांच्या शीर्षावर ती पुरती उघडतच नाही, आणि अशा वेळी हलकी झडप निवडावी. मात्र दाब सोडणारी सुरक्षा झडप कोणत्याही कारणाने काढू नये. गॅस गीझर पेटेनासा झाला असेल तर तोही बहुधा याच कारणाने, कारण पुरेसा प्रवाह असल्याशिवाय त्यातील पडदा गॅसचा मार्ग उघडत नाही.

सार्वजनिक नळाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो हौद भरण्याच्या वेगापुरता पाहावा. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शक पुस्तिकेनुसार एकमजली घरांसाठी वितरण वाहिनीत किमान ७ मीटर शीर्ष शिल्लक राहावे अशी अपेक्षा होती, परंतु ठरावीक तास पाणी सोडले जाणाऱ्या वस्तीत, विशेषतः लाईनीच्या टोकाच्या गल्लीत, एकाच वेळी सारे नळ उघडल्यामुळे तेवढे शीर्ष उरेलच असे नाही. म्हणूनच अनेक घरांत नळ अंगणातील खड्ड्यात, रस्त्याच्या पातळीखाली घेतलेला असतो. नूतनीकरणात जोते उचलले जाते, अंगणात फरशी बसते, खड्डा बुजतो आणि नळ तीन फूट वर येतो. वाहिनीत दीडदोन मीटरच शीर्ष असलेल्या ठिकाणी हे तीन फूट फार महाग पडतात आणि हौद भरता भरता पाणी जाण्याची वेळ होते. हौदाचे तोंड शक्य तितके खाली ठेवावे, आणि खड्ड्यातला नळ राखायचा असेल तर त्यात सांडपाणी साचणार नाही अशी बांधीव व्यवस्था करावी, कारण पाणी बंद झाल्यावर रिकामी वाहिनी सैल जोडातून खड्ड्यातली घाण आत ओढते. नळजोडणीला थेट मोटार लावणे हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ते शेजाऱ्याच्या हौदातले पाणी पळवणे आहे. जलजीवन मिशनच्या योजनांतून, माणशी रोज ५५ लिटर या हिशेबाने, पाणी मिळणाऱ्या गावांनाही हेच लागू पडते.

हे सर्व तपासून, पाईप आणि तोट्या योग्य असूनही उंचीच अपुरी आहे असे सिद्ध झाले, तरच दाब वाढवणारा छोटा पंप घ्यावा. तो टाकी आणि न्हाणीची लाईन यांच्यामध्ये, टाकीच्या तळाच्या पातळीखाली बसवावा, म्हणजे त्याला पाणी ओढावे लागत नाही. तोटी उघडताच सुरू व्हावा यासाठी प्रवाहाची कळ असलेला प्रकार निवडावा, आणि कमी शीर्षावर ती कळ चालते की नाही हे घेण्याआधी विचारावे. घरात अजून काही जुने लोखंडी पाईप शिल्लक असतील तर वाढलेल्या दाबाने त्यांचे गंजलेले जोड गळू लागतात, म्हणून पंप फक्त नव्या लाईनीवर घ्यावा. पंपाला समांतर एक बगलेचा पाईप एकदिशा झडपेसह जोडणे आवश्यक आहे, अन्यथा वीज गेल्यावर पंप स्वतःच मार्गातला अडथळा बनतो आणि भारनियमनाच्या काळात, टाकी भरलेली असतानाही, न्हाणीत पूर्वी येत होते तेवढेसुद्धा पाणी येत नाही.